डायॉक्सिनची पेशी-चाचणी: नमुना देण्याआधी

डायॉक्सिन म्हणजे कचरा वगैरे जळताना तयार होणारे विषारी पदार्थ. “नमुन्यात डायॉक्सिन किती?” असे आपण विचारता. पेशी-चाचणी त्याचे थेट उत्तर देत नाही. नमुन्यातले डायॉक्सिनसारखे सगळे पदार्थ मिळून जिवंत पेशीवर किती परिणाम करतात, हे ती सांगते.

डायॉक्सिन आणि तशाच रचनेची फ्युरान मिळून 210 संयुगे आहेत. त्यांतली 17 विशेष घातक मानतात, शिवाय 12 पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली क्लोरीनयुक्त संयुगे). ही संयुगे पेशीतल्या एएच रिसेप्टर या प्रथिनाला चिकटतात आणि त्यातून ठरावीक जनुके चालू होतात. चाचणीसाठी उंदराच्या यकृताच्या पेशींत काजव्याचे प्रकाश देणारे ल्युसिफरेज जनुक बसवलेले असते. रिसेप्टर जितका जास्त चाळवला जातो, तितका प्रकाश वाढतो. टीसीडीडी या सर्वांत विषारी डायॉक्सिनच्या ठाऊक मात्रांशी तो प्रकाश ताडून निकाल पिकोग्रॅममध्ये देतात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग.

खरी मेहनत पेशींपर्यंत पोहोचण्याआधीची. धुरातले बहुचक्रीय हायड्रोकार्बनही हाच रिसेप्टर चाळवतात. म्हणून नमुन्याचा अर्क सल्फ्युरिक आम्ल मुरवलेल्या सिलिकातून गाळतो. ते पदार्थ तिथे नष्ट होतात, डायॉक्सिन टिकते. ही सफाई कच्ची राहिली तर आकडा फुगतो. त्यामुळे प्रत्येक तुकडीबरोबर कोरा (डायॉक्सिन नसलेला) नमुना चालवतोच, घाई असली तरी.

ब्रोमीनयुक्त डायॉक्सिनमुळेही पेशींचा प्रकाश वाढतो. ही डायॉक्सिन त्या 17 मध्ये मोजली जात नाहीत, म्हणून आमचा आकडा रासायनिक अहवालापेक्षा जास्त येऊ शकतो. विषाचा अंदाज घेताना हे आम्हाला उपयोगाचेच वाटते.

युरोपीय संघ अन्न व पशुखाद्यासाठी ही पद्धत चाळणी म्हणून मान्य करतो. नमुना संशयित ठरला तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या रासायनिक विश्लेषणाने) खात्री करावीच लागते. केवळ आमच्या निकालावर माल नापास समजू नका. निर्यातदारांनी हे गांभीर्याने घ्यावे: 2007 मध्ये भारतातून गेलेल्या ग्वार गममध्ये (अन्न घट्ट करणाऱ्या गवार-बियांच्या पुडीत) युरोपात डायॉक्सिन आणि पेंटाक्लोरोफिनॉल हे बुरशीनाशक सापडले होते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीच्या धुराला मात्र डायॉक्सिनची प्रति घनमीटर 0.1 नॅनोग्रॅमची मर्यादा आहे. तिच्या अहवालासाठी रासायनिक विश्लेषणच करून घ्या.

नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावून पाठवा. प्लास्टिकची पिशवी नको. आसपास कचरा, वायर किंवा रंगवलेले लाकूड जाळले जात असेल तर चिठ्ठीवर तसे लिहा.