बोट लागते तशी जमीनही लागते

विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभा होतो आणि फरशी हलत होती. म्हणजे हलत नव्हती, हे मलाही कळत होतं, पुढचेमागचे सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून आरामात उभे होते, पण माझ्या पायांना ते पटतच नव्हतं. पाचेक सेकंदांत एक संथ झोका, आधी डावीकडे मग उजवीकडे, आणि त्या प्रत्येक झोक्याला मी नकळत गुडघा वाकवून तोल सावरत होतो, बॅगेच्या हँडलला घट्ट धरून. शिडाच्या बोटीवर सहा महिने काढून घरी निघालो होतो. बोट आदल्या दिवशीच क्रेनने उचलून यार्डात ठेवलेली. वादळांचा सीझन जूनपासून सुरू होतो, त्याआधी बरेच जण असंच करतात.

आपण म्हणतो बोट लागली, गाडी लागली. हा प्रकार बरोबर त्याच्या उलटा, तर मी त्याला जमीन लागली म्हणतो. डॉक्टर लोक त्याला माल द देबार्कमां म्हणतात, फ्रेंच नाव आहे, अर्थ साधाच, बोटीवरून उतरल्यावरचा त्रास. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन, ते स्वतः डॉक्टर होते, त्यांनी 1790 च्या दशकातच याचं वर्णन करून ठेवलंय.

होतं काय तर, आपल्या प्रत्येक कानात आत खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो, डोकं फिरलं की तो मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. शिवाय दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे, खडूच्याच जातीचे, ते गुरुत्वाकर्षण आणि पुढेमागे-वरखाली होणारी हालचाल पकडतात. बोटीवर पहिले दोन-तीन दिवस कान ओरडून सांगत असतात की हलतंय आणि केबिनमध्ये बसलेले डोळे म्हणतात कुठे काय, सगळं जागच्या जागी आहे. या भांडणात पोटाचे हाल होतात. त्यातही साधारण पाच सेकंदांना एक झोका, हा माणसाला सगळ्यात जास्त लागतो, आणि नशीब बघा, समुद्रावर नेमके तसेच झोके भरपूर मिळतात.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम बरं वाटायला लागतं, चहाचा कप न सांडता चालता येतं. समुद्र तेवढाच हलत असतो, फक्त मेंदूनं हिशेब शिकून घेतलेला असतो की आता हा झोका येणार, तो आधीच वजा करून टाकायचा. सहा महिने ही वजाबाकी रात्रंदिवस, झोपेतसुद्धा चालू. आता जमिनीवर झोका शून्य झाला, पण वजाबाकी थांबवायला कुणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे शून्यातून वजा होतंय आणि फरशी हलतेय.

गंमत म्हणजे विमानतळावर येताना टॅक्सीत मला काहीच होत नव्हतं. हे या त्रासाचं खास लक्षण आहे, गाडीत बसलं, काहीतरी हलायला लागलं की बरं वाटतं आणि थांबलं की परत सुरू. साध्या चक्कर येण्यात बहुतेक उलटं असतं, तिथे गाडी नकोशी होते. त्यामुळे विमान धावपट्टीवर खडखडत निघालं तेव्हा आजूबाजूचे काही जण सीटचे हात घट्ट धरून बसले होते आणि मी दिवसभरात पहिल्यांदा निवांत झालो.

आता घड्याळाची गोष्ट, जी मला स्वतःला याहून भारी वाटते. नोव्हेंबरमध्ये आम्ही कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला गेलो, हा अटलांटिक ओलांडायचा नेहमीचा शिडांचा रस्ता, सुमारे 2,700 सागरी मैल, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारे व्यापारी वारे पाठीशी घेऊन. वीस दिवस लागले. या दोन ठिकाणांत रेखांशाचा फरक साधारण 45 अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं तीन तास. वीस दिवसांत तीन तास म्हणजे रोज नऊ मिनिटं. आमची दुपार रोज नऊ मिनिटं उशिरा होत होती, एवढंच.

आणि माणसाच्या शरीराचं घड्याळ मुळात 24 तासांचं नाहीच. उजेडाचा आधार काढून घेऊन मोजलं तर ते सरासरी 24 तास 10-12 मिनिटांचं निघतं, 1999 मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांच्या टीमनं हे नीट मोजलं होतं. जमिनीवर सकाळचा उजेड ही जास्तीची मिनिटं रोज छाटून टाकतो. पण आपण पश्चिमेला निघालेल्या शिडाच्या बोटीवर आहोत, दिवसच रोज नऊ मिनिटांनी लांबतोय, तर छाटायला फारसं काही उरतच नाही! रात्रीच्या पाळ्यांनी झोपेचं खोबरं झालं ते वेगळं, पण जेट लॅगसारखं काही जाणवलं नाही. मॅगेलनची उरलेली माणसं 1522 मध्ये जगाला फेरी मारून परतताना आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवर उतरली, त्यांच्या रोजनिशीत बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार. तीन वर्षांत अख्खा एक दिवस हातातून निसटला आणि कुणाला पत्ता नाही, इतकं ते हळू होतं.

परतीला? साडेआठ तास. आणि मे महिन्यात सेंट लुशिया ते लंडन घड्याळांत पाच तासांचा फरक, तोही पूर्वेकडे, म्हणजे घड्याळ पुढे ढकलायचं, जे शरीराला जड जातं कारण त्याचा कल मुळात मागे पडण्याकडे. ढोबळमानानं रोज एक तास भरून निघतो असं धरतात. बाकी विमान लवकर नेतं ते वाऱ्यामुळेही. ज्या व्यापारी वाऱ्यांनी आम्हाला खाली पाण्यावर पश्चिमेला ढकललं तीच हवा विषुववृत्ताजवळ वर चढते, ध्रुवांच्या दिशेनं सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळत जाते, दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा त्यातूनच जोर घेतो. जाताना तळमजल्यानं गेलो आणि येताना गच्चीवरून आलो म्हणा.

विमानाच्या केबिनमध्ये अजून एक गोष्ट झाली. बोटीवरचे कपडे कधीच पूर्ण वाळत नाहीत, कारण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की कपड्यातलं मीठच पाणी ओढून घ्यायला लागतं, कितीही वेळ दोरीवर टाका, दमटच. विमानात बाहेरची उणे पन्नास अंशांची कोरडी हवा आत घेतात, आर्द्रता 10 ते 20 टक्के. दोन तासांत माझा टी-शर्ट अंगावरच कडक झाला आणि काखेच्या शिवणीवर मिठाची पांढरी रेघ उमटली. शेजारच्या बाईंनी बघितलं, बोलल्या काही नाहीत.

हवेचा दाबही समुद्रसपाटीच्या पाऊणपटच, म्हणजे 8,000 फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखं. रक्तातला ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांनी उतरतो, धडधाकट माणसाला त्यानं थोडी मरगळ येते, कानाला दडे बसतात, बस. पण निघायच्या आधी स्कूबाचा सिलिंडर लावून डाईव्ह मारत असाल तर जपा. पाण्याखाली दाबानं रक्तात नायट्रोजन मुरलेला असतो, वर दाब कमी झाला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एका डाईव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाईव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास विमान नको असं सांगतात. नुसता श्वास धरून बोटीच्या बुडाचं शेवाळ घासलं असेल तर सहसा प्रश्न नाही.

सकाळी आठला उतरलो, शरीरात पहाटेचे तीन. इथे एक चूक सगळेच करतात, मीही आधी केली आहे, की उतरल्या उतरल्या उन्हात फिरायचं म्हणजे घड्याळ सुधारतं. शरीराचं तापमान रात्रीत सगळ्यात कमी होतं ते नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी. त्याच्या आधी उजेड डोळ्यात गेला तर घड्याळ उलट अजून मागे जातं, नंतर गेला तर पुढे येतं. बोटीवर आम्ही सहाला उठायचो (रात्री नऊ म्हणजे आमची मध्यरात्र, दिवसभर उघड्यावर राहिलं की होतं असं) म्हणजे माझ्या तापमानाचा तळ पहाटे साडेतीन-चारला, इथल्या साडेआठ-नऊला. म्हणून दहापर्यंत गॉगल लावून सावलीत, मग भरपूर ऊन. चौथ्या दिवसापर्यंत झोप रुळावर आली.

डोलणं मात्र टिकलं. बहुतेकांचं दोन दिवसांत जातं, क्वचित कुणाचं महिन्यावर रेंगाळतं, तेव्हा डॉक्टरला दाखवावंच. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये मिंगजिया दाई आणि बर्नार्ड कोहेन यांनी 2014 मध्ये त्यावर एक उपाय छापला, डोळ्यांपुढे सरकते पट्टे दाखवायचे आणि त्याच वेळी डोकं एका तालात कलतं करायचं, म्हणजे शिकलेली वजाबाकी पुसायची. बऱ्याच जणांना फरक पडला होता.

मला तेवढी वेळ आली नाही. सगळ्यात वाईट जागा बाथरूम, कारण शँपूनं डोळे मिटले की भिंत दिसेनाशी होते आणि कानांना खोटं पाडायला कुणी उरत नाही, लगेच झोका सुरू. बोटीवर नियमच असतो, एक हात कामाला, एक हात बोटीला, तर पहिले चार दिवस मी एका हातानं डोकं चोळत होतो आणि दुसरा हात नळाला. पाचव्या दिवशी टॉवेल घेताना लक्षात आलं की डोकं आज दोन्ही हातांनी धुतलं.