चेल्सीचे आर्मी म्युझियम आणि लॅम्बेथचे वॉर म्युझियम

इतिहासाची आवड असलेला माणूस लंडनला निघाला की त्याच्या यादीत ‘ते युद्धाचे म्युझियम’ असतेच. अडचण अशी, की त्या शहरात या वर्णनात बसणारी दोन मोठी राष्ट्रीय संग्रहालये आहेत. चेल्सीत नॅशनल आर्मी म्युझियम आणि लॅम्बेथ रोडवर इम्पिरिअल वॉर म्युझियम. एक थेम्सच्या उत्तरेला, दुसरे दक्षिणेला. दोन्हीकडे प्रवेश मोफत, दोन्हीकडे गणवेश, पदके आणि बंदुका. म्हणून एक पाहिले की दुसरे पाहिल्यासारखेच, असे अनेक जण धरून चालतात. तसे ते मुळीच नाही.

गोंधळ नावांपासूनच सुरू होतो. ‘इम्पिरिअल’ म्हटले की आपल्या मनात ईस्ट इंडिया कंपनी, टिपू, मराठे, 1857 हे सगळे येते. पण इम्पिरिअल वॉर म्युझियमचा विषयच 1914 पासून सुरू होतो. त्याआधीचे साम्राज्य तिथे शोधू नये, ते चेल्सीत आहे. उलट ‘आर्मी’ म्हणजे फक्त लष्कराच्या बढाया असतील असे समजून चेल्सी टाळणारे लोक नेमका आपल्याशी जोडलेला भाग गाळतात.

लॅम्बेथचे म्युझियम निघाले ते पहिले महायुद्ध ऐन भरात असताना. मार्च 1917 मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, तेव्हा युद्ध कोण जिंकणार हेही कुणाला ठाऊक नव्हते. पहिले नाव होते ‘नॅशनल वॉर म्युझियम’. मग भारत आणि इतर वसाहतींचे सैनिकही याच युद्धात मरत आहेत, त्यांचाही वाटा दिसला पाहिजे, या विचाराने ‘नॅशनल’चे ‘इम्पिरिअल’ झाले. म्हणजे या शब्दामागे विजयाचा तोरा शोधण्यापेक्षा कुणाकुणाला सामावून घ्यायचे होते ते पाहावे. (‘नॅशनल वॉर म्युझियम’ हे नाव आज एडिंबराच्या किल्ल्यातल्या वेगळ्याच संग्रहालयाला आहे. शोधताना तिकडेही वाट चुकते.)

9 जून 1920 रोजी राजा पाचवा जॉर्ज याने क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याचे उद्घाटन केले. 1924 मध्ये ते साउथ केन्सिंग्टनला गेले आणि 1936 मध्ये आजच्या इमारतीत आले. ही इमारत म्हणजे बेथलेम हॉस्पिटल, मनोरुग्णांचे जुने इस्पितळ. इंग्रजीत गोंधळ-गोंगाटाला ‘बेडलॅम’ म्हणतात तो शब्द याच संस्थेच्या नावावरून आला. युद्धाने माणसाचे काय होते हे सांगणारे संग्रहालय तिथे यावे, हा योगायोग मला दरवेळी अस्वस्थ करतो.

दारातच 15 इंची तोंडाच्या दोन प्रचंड तोफा आहेत. एकेक नळी सुमारे 100 टनांची. या तोफा जमिनीवरच्या लढाईतल्या नव्हेत. एक रॅमिलीज आणि दुसरी रिझोल्यूशन या युद्धनौकेवर होती. दोन संग्रहालयांतला फरक इथेच, आत पाऊल टाकण्याआधी कळतो. लॅम्बेथला आरमार आहे, विमानदल आहे, बॉम्बखाली सापडलेले नागरिक आहेत, कारखान्यातल्या बायका आहेत. चेल्सीत फक्त जमिनीवरचे लष्कर. आरमारासाठी पोर्ट्‌समथ, विमानदलासाठी हेंडन अशी वेगळी सोय आहे.

चेल्सीच्या म्युझियमचा जन्म 1960 चा, म्हणजे साम्राज्य आवरत आले तेव्हाचा. फील्ड मार्शल जेराल्ड टेम्पलर यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. प्रश्न साधा होता: ज्या पलटणी मोडल्या त्यांच्या वस्तू कुणी सांभाळायच्या? 1922 मध्ये बरखास्त झालेल्या आयरिश पलटणी होत्या, आणि 1947 मध्ये फाळणीबरोबर वाटली गेलेली जुनी इंडियन आर्मी होती. सुरुवात सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत झाली आणि 1971 मध्ये संग्रहालय चेल्सीच्या नव्या इमारतीत आले. शेजारीच लाल कोटातल्या वृद्ध सैनिकांचे रॉयल हॉस्पिटल आहे. 1947 पर्यंतची इंडियन आर्मी हा या संग्रहालयाच्या सनदेतच लिहिलेला विषय आहे, सौजन्य म्हणून ठेवलेला एखादा कोपरा नव्हे. आपल्या दृष्टीने ही सर्वांत मोठी गोष्ट.

एक बारकावा अजून. सुरुवातीला चेल्सीवाल्यांनी 1485 ते 1914 एवढाच काळ घेतला होता, कारण पुढचा काळ लॅम्बेथकडे होताच. म्हणजे तेव्हा सीमा स्पष्ट होती: 1914 च्या आधी चेल्सी, नंतर लॅम्बेथ. पुढे चेल्सीने आजपर्यंतचा काळ घेतला आणि हद्दी एकमेकींत मिसळल्या. आजचा घोळ तिथून आहे.

आता आपलीच उदाहरणे घेऊन पाहू. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई, आजच्या जालना जिल्ह्यातली, शिंदे-भोसल्यांच्या फौजा विरुद्ध आर्थर वेलस्ली (म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन): हा विषय निव्वळ चेल्सीचा. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराचा वेढा, ज्यात 1916 मध्ये शरण आलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या, तो दोन्हीकडचा. आणि 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशिनगनच्या मोर्च्यावर एकट्याने चालून गेलेले नाईक यशवंत घाडगे, ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले? तेही दोन्हीकडचे, पण प्रश्न बदलतो. चेल्सी विचारते, हा कुठल्या पलटणीचा, कसा भरती झाला, कसा शिकला, काय घालत होता, काय खात होता. लॅम्बेथ विचारते, जगभर पेटलेले ते युद्ध रायगडमधल्या एका शेतकऱ्याच्या घरापर्यंत कसे पोहोचले.

प्रत्यक्ष वस्तूंत हा फरक जास्त जाणवतो. चेल्सीच्या संग्रहात नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्या वॉटर्लूच्या लढाईचा विल्यम सायबर्न या अधिकाऱ्याने केलेला देखावा आहे. 1830 मध्ये सुरुवात, 1838 मध्ये पूर्ण. सत्तर हजारांहून अधिक कथिलाचे शिपाई, संध्याकाळी सातच्या सुमाराची लढाई. त्याने रणांगणाजवळ राहून जमीन मोजली, जिवंत असलेल्या अधिकाऱ्यांना शेकडो पत्रे लिहून तुम्ही त्या क्षणी नेमके कुठे होता हे विचारले. त्यात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले प्रशियाचे (जर्मन राज्याचे) सैन्य ठळक दिसू लागले आणि ते ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाला रुचले नाही. अखेर सायबर्नने प्रशियाचे हजारो शिपाई उचलून टाकले. जिंकणारे इतिहास लिहितात असे आपण म्हणतो. इथे तो चिमट्याने उचलताना दिसतो. तिथेच मरेंगोचा सांगाडा आहे, नेपोलियनचा म्हणून ओळखला जाणारा घोडा. अंगापिंडाने तो इतका लहान, की चित्रांतला उधळलेला पांढरा वारू डोळ्यांसमोरून पुसलाच जातो. त्याच्या खुराची तपकिरीची डबी करण्यात आली होती.

लॅम्बेथला माझ्या मते सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे दोन दालनांच्या मध्ये टांगलेला व्ही-1 हा उडता बॉम्ब. 2021 मध्ये तिथे दुसऱ्या महायुद्धाची आणि ज्यूंच्या संहाराची अशी दोन नवी दालने झाली, आणि हा बॉम्ब दोन्हींना जोडतो. लंडनवर पडणारे हे बॉम्ब जर्मनीत छळछावणीतल्या कैद्यांकडून करवून घेतले जात. एकाच पत्र्याच्या नळकांड्याला दोन्ही टोकांना मृत्यू. शिवाय जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराचे ‘गॅस्ड’ (विषारी वायूचा मारा झालेले) हे सहा मीटर रुंदीचे चित्र आहे: डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या शिपायांची रांग, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. या चित्रासमोर घाई करू नये.

भेटीचे म्हणाल तर चेल्सीचे संग्रहालय तीन वर्षे बंद राहून 2017 मध्ये पूर्ण नव्या रूपात उघडले. ते आकाराने आवाक्यातले आहे, दोन-तीन तासांत नीट होते. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे खेळदालन आहे, त्याला तिकीट लागते. सोमवारी बंद असते. जवळचे स्टेशन स्लोन स्क्वेअर. लॅम्बेथला अर्धा दिवस तरी ठेवा, स्टेशन लॅम्बेथ नॉर्थ. संहाराची दालने लहान मुलांना दाखवू नयेत.

तिकिटाबाबत एक सावधगिरी. इम्पिरिअल वॉर म्युझियम ही एकच इमारत नाही. चर्चिलची युद्धकाळातली तळघरे, थेम्समधली बेलफास्ट युद्धनौका, डक्सफर्डचा विमानतळ आणि मँचेस्टरजवळची शाखा, सगळी त्याच संस्थेची. लॅम्बेथ आणि मँचेस्टरजवळची शाखा मोफत, बाकी तिन्हीकडे चांगलेच महाग तिकीट आहे. ‘वॉर म्युझियम फुकट आहे’ एवढे ऐकून बेलफास्टच्या दारात जाऊ नका.

आणि पणजोबा पहिल्या महायुद्धात होते म्हणून त्यांची नोंद शोधायला कुणी निघाले असेल, तर या दोन्हीकडे शिपायांच्या सेवानोंदी मिळतील अशी आशा धरू नये. जुन्या इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याचे दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्यातही साध्या शिपायापेक्षा अधिकाऱ्यांचा माग लागण्याची शक्यता जास्त. जो परत आला नाही त्याचे नाव मात्र कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत घरबसल्या पाहता येते. यशवंत घाडगे यांची कबर सापडलेली नाही, पण इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि त्या यादीतही ते सापडते.