उतारासाठी जर्सी नाही : सायकल शर्यतींत घाट उतरण्याची जोखीम आणि कौशल्य

टूर द फ्रान्समध्ये एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला पिवळी जर्सी मिळते, गुणांसाठी हिरवी आणि चढासाठी लाल ठिपक्यांची. घाट उतरण्यासाठी मात्र जर्सी नाही, गुण नाहीत आणि स्वतंत्र क्रमवारीही नाही. तरीही उतारावर कमावलेला सेकंद चढावर कमावलेल्या सेकंदाइतकाच मोजला जातो आणि अनेक मोठ्या शर्यतींचे निकाल उतारावरच लागलेले आहेत. जुलैमध्ये रात्री नऊच्या सुमारास टप्प्याचा शेवट पाहणाऱ्या नागपूरच्या प्रेक्षकाला चढावरचे डावपेच हळूहळू उमगू लागतात. उतारावरचे डावपेच त्याला धड दिसतही नाहीत, कारण अवघड वळणांवर कॅमेऱ्याची मोटारसायकलच सायकलस्वारांच्या मागे पडते. उताराचा लाभ घ्यायचा, पण त्याचे उघड कौतुक करायचे नाही, हा या खेळाचा जुना संकोच आहे आणि आजच्या सुरक्षेच्या वादांची मुळेही त्यातच आहेत.

1903 मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत 1910 साली पिरेनीज पर्वताचे मोठे घाट आले. त्या वेळची चर्चा सारी चढांचीच होती. एवढे चढ चढायला लावणाऱ्या आयोजकांना फ्रेंच स्वार ऑक्ताव्ह लापिझ याने खुनी म्हटल्याची आठवण आजही सांगितली जाते. पण 2,115 मीटर उंचीच्या तुर्माले घाटाच्या पूर्व बाजूने सेंत-मारी-द-काम्पां गावाकडे उतरताना सुमारे सतरा किलोमीटरांत जवळजवळ 1,270 मीटर उंची कमी होते, आणि ती कच्च्या, दगडगोट्यांच्या रस्त्यावर त्या काळच्या दुबळ्या ब्रेकांच्या भरवशावर उतरायची होती. 1913 मध्ये याच बाजूने उतरताना युजीन ख्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, तुटला. दहा किलोमीटरांहून अधिक अंतर सायकल खांद्यावर घेऊन तो पायी गावात पोहोचला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने तो स्वतःच्या हातांनी जोडला. परकी मदत घेण्यास मनाई होती. भाता हलवायला एका मुलाचा हातभार लागला म्हणून त्याला दंडाची मिनिटेही सोसावी लागली. ही कथा चिकाटीची म्हणून शतकभर सांगितली गेली. उतारावर सायकलचा सांगाडा किती ताण सोसतो, हा तिच्यातला दुसरा धडा मागेच राहिला.

1933 मध्ये टूरमध्ये पर्वतांची स्वतंत्र क्रमवारी सुरू झाली आणि स्पेनचा व्हिसेंते त्रुएबा तिचा पहिला विजेता ठरला. माथ्यावर तो वारंवार सर्वांआधी पोहोचत असे. उतरण्यात मात्र तो इतका कच्चा होता की मागचे स्वार पायथ्यापर्यंत त्याला गाठत आणि त्याची सारी मेहनत वाया जाई. पुढच्याच वर्षी आयोजकांनी माथ्यावर पहिल्या येणाऱ्याला वेळेची सवलत सुरू केली. उतारावर जे हरवते, त्याची भरपाई माथ्यावरच करून देण्याची ही सोय होती. उतरण्याला मोल द्यावे असे तेव्हाही कोणाच्या मनात आले नाही. पुढे सहा वेळा पर्वतांचा राजा ठरलेल्या फेडेरिको बाहामोंतेस याने 1954 मध्ये घाटमाथ्यावर थांबून आइस्क्रीम खाल्ले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चाकाचे आरे तुटले होते म्हणून संघाच्या गाडीची वाट पाहत होतो, असे तो स्वतः सांगत असे. एकट्याने उतरायची त्याला भीती वाटत होती, असे इतर सांगत. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी जगातला सर्वोत्तम चढणारा उताराच्या तोंडाशी खोळंबला होता, एवढे खरे.

भीती अनाठायी नव्हती. जुलै 1935 मध्ये गालिबिए घाट उतरताना स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. टूरच्या शर्यतीत पडून झालेला तो पहिला मृत्यू होता. लाकडी रिमची जागा तेव्हा धातूच्या रिम घेऊ लागल्या होत्या. सतत ब्रेक लावल्याने रिम तापते, टायर चिकटवण्याचा डिंक सैल होतो आणि टायर निसटतो, हा धोका तेव्हापासून चर्चेत आला. 1951 मध्ये पिवळी जर्सी घातलेला नेदरलँड्सचा विम व्हान एस्ट ओबिस्क घाट उतरताना दरीत कोसळला. संघाच्या गाडीतले सुटे टायर एकमेकांना बांधून केलेल्या दोरीने त्याला वर ओढण्यात आले आणि मोठी दुखापत न होता तो वाचला. एका घड्याळ कंपनीने लगेच त्याच्या नावाने जाहिरातही काढली. दैव बलवत्तर म्हणून वाचला, असे म्हणून तो प्रसंग लोकांनी हसण्यावारी नेला, हे आज विचित्र वाटते.

रोजे रिव्हिएर इतका नशीबवान नव्हता. एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा जागतिक विक्रम नावावर असलेला हा फ्रेंच स्वार 1960 मध्ये एकूण क्रमवारीत दुसरा होता आणि पुढे असलेला इटलीचा गास्तोने नेन्चिनी हा त्या पिढीतला सर्वांत निर्भय उतरणारा मानला जाई. जीव नकोसा झाला असेल तरच नेन्चिनीच्या मागे उतारावर जावे, अशा अर्थाचे उद्गार फ्रेंच स्वार राफाएल जेमिनियानी याच्या तोंडी घातले जातात. पर्ज्युरे या फारशा उंच नसलेल्या घाटात रिव्हिएर त्याच्या मागे गेला, कठड्यावर आदळून खाली फेकला गेला, पाठीचा कणा मोडला आणि चोविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. त्याने आधी मेकॅनिकवर आणि ब्रेकवर ठपका ठेवला. नंतर त्याच्याकडे पाल्फियम हे तीव्र वेदनाशामक सापडले आणि बधिर झालेल्या बोटांना ब्रेकची पकड कळलीच नसावी, असा निष्कर्ष निघाला. या प्रसंगाकडे धाडसाची किंमत म्हणून पाहण्याची रीत आहे. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते : नेन्चिनीला वळणाची रेषा दिसत होती आणि रिव्हिएरला फक्त नेन्चिनीची पाठ दिसत होती.

ही रेषा म्हणजे काय, हे साध्या आकडेमोडीने कळते. सायकलसह ऐंशी किलो वजनाचा स्वार आठ टक्के उतारावर पायडल न मारता ताठ बसून उतरला, तर हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ ताशी 65 किलोमीटरांच्या आसपास बसतो. तोच स्वार अंग आखडून, छाती हँडलजवळ नेऊन बसला तर वेग ताशी 75 किलोमीटरांवर जातो. या वेगाला एका सेकंदात सुमारे 21 मीटर अंतर मागे पडते. पुढे दहा मीटर त्रिज्येचे केसपिनेसारखे वळण असेल तर कोरड्या रस्त्यावरही ते ताशी 28 ते 30 किलोमीटरांपेक्षा फार जास्त वेगाने घेता येत नाही. म्हणजे वळणाआधी जवळजवळ चाळीस मीटर ब्रेक लावावा लागतो आणि अर्धा सेकंद उशीर झाला तर त्यातले दहा मीटर आधीच संपलेले असतात. कुशल स्वार म्हणून ब्रेक वळणाच्या आत शिरण्यापूर्वी, सायकल सरळ असताना लावतो. वळणात तो बाहेरचा पाय खाली दाबून त्यावर भार घेतो, हात हँडलच्या खालच्या भागात ठेवतो आणि चाकासमोरच्या डांबराऐवजी वळण जिथे सुटते तिथे नजर ठेवतो. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा धरली की वळणाची त्रिज्या वाढते आणि तेवढाच वेग टिकतो. समोरच्या स्वाराच्या मागे आंधळेपणाने गेले की हे सारे निर्णय त्याच्या हाती जातात.

नागपूरच्या सायकलस्वाराला हे शिकायला जागा कमी, ही वस्तुस्थिती आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आणि बव्हंशी सपाट. सेमिनरी हिल्सचा उतार वेग घेण्याआधीच संपतो. खऱ्या घाटासाठी मेळघाटात जावे लागते, जिथे परतवाड्याकडून चिखलदऱ्याला सुमारे 1,100 मीटर उंचीपर्यंत चढून तोच रस्ता पुन्हा उतरता येतो. सपाटीवर सहनशक्ती घडते, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये पूर्ण केलेली रेस अक्रॉस अमेरिका ही त्या गुणाची साक्ष आहे. उतरण्याचे हात मात्र उतारावरच तयार होतात, आणि म्हणूनच डोंगराळ भागात किंवा माउंटन बाइकवर वाढलेले स्वार इथे सरस ठरतात.

2003 मध्ये टूरमध्ये युरोपात भीषण उष्णतेची लाट असताना गाप शहराकडे उतरताना होसेबा बेलोकी पडला. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर डांबर मऊ होऊन टायरला चिकटलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. चाक अडले, टायर रिमवरून सुटला आणि मांडीचे हाड, कोपर व मनगट मोडून एकूण क्रमवारीतला दुसरा स्वार शर्यतीबाहेर गेला. मागून येणारा लान्स आर्मस्ट्राँग शेतातून आडवा जाऊन पुन्हा रस्त्यावर आला. त्याची टूरची सारी विजेतेपदे पुढे उत्तेजकांच्या सेवनामुळे काढून घेण्यात आली. बेलोकी मात्र पूर्वीच्या उंचीवर पुन्हा पोहोचला नाही.

तोपर्यंत सुरक्षेचा सारा प्रश्न डोक्यावर येऊन थांबला होता. 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने, यूसीआयने, हेल्मेटची सक्ती करून पाहिली तेव्हा उन्हाळ्यात गुदमरायला होते म्हणून स्वारांनीच ती हाणून पाडली. 18 जुलै 1995 रोजी पोर्ते द'आस्पे घाट उतरताना बार्सिलोना ऑलिंपिकचा विजेता फाबियो कासार्तेली हेल्मेटविना पडला आणि मरण पावला. तरीही नियम आला तो 2003 मध्ये, पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्हच्या मृत्यूनंतर, आणि तेव्हाही शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढायची मुभा ठेवली गेली. 2011 मध्ये जिरो दि इटालिया या इटलीतल्या मोठ्या शर्यतीत बोको घाट उतरताना बेल्जियमचा वाउटर वेलांड्ट हेल्मेट असूनही मरण पावला. डोके झाकल्याने उताराचा प्रश्न सुटत नाही, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले.

दरम्यान कौशल्य शर्यती जिंकत होते. 1992 मध्ये मिलान–सानरेमो या इटलीतल्या एकदिवसीय शर्यतीत पोज्जो टेकडीवर पुढे निसटलेल्या मोरेनो आर्जेन्तिनला शॉन केलीने उतारावर गाठले आणि शेवटी हरवले. पाओलो साव्होल्देली याला तर ससाणा हेच नाव पडले आणि त्याने 2002 व 2005 चा जिरो जिंकला. 2016 मध्ये पेरेसूर्द घाटमाथ्यावर क्रिस फ्रूमने अनपेक्षितपणे मुसंडी मारली आणि सीट सोडून आडव्या दांडीवर बसून पायडल मारत तो टप्पा 13 सेकंदांनी जिंकला. घरोघरी मुलांनी ते करून पाहिले असणार. ही बसण्याची पद्धत 1 एप्रिल 2021 पासून यूसीआयने बंद केली. मग 2022 मध्ये मातेय मोहोरिच याने माउंटन बाइकवर असते तशी खाली करता येणारी सीट लावून मिलान–सानरेमो जिंकली, तीही नियमात राहून. त्याच जुलैत माउंटन बाइकिंगचा ऑलिंपिक विजेता टॉम पिडकॉक गालिबिएच्या उतारावर सुटला आणि आल्प द्युएझचा टप्पा घेऊन गेला.

खेळाचा संकोच सर्वांत स्पष्ट दिसला तो 2017 च्या जिरोच्या आधी. आयोजकांनी निवडक घाटांवर सर्वांत जलद उतरणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर केले, स्वारांनी आणि संघांनी टीकेची झोड उठवली आणि काही दिवसांतच ते मागे घेतले गेले. मागे घेणे योग्यच होते, कारण घड्याळ लावले की क्रमवारीत पार मागे असलेल्या स्वारालाही विनाकारण जीव धोक्यात घालण्याचे आमिष मिळते. पण टप्प्याची अंतिम रेषा घाटाच्या पायथ्याशी आखली की तेच आमिष निराळ्या नावाने तिथेच उभे राहते, हे मात्र त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

जून 2023 मध्ये टूर द स्वीस शर्यतीचा पाचवा टप्पा आल्बुला घाट चढून पलीकडे ला पुंट येथे उतारानंतर संपत होता. त्या उतारावर 26 वर्षांचा जीनो मेडर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. असा शेवट ठेवणे शहाणपणाचे नव्हते, असे रेम्को एव्हेनपूल याने उघड म्हटले; 2020 च्या इल लोम्बार्दिया शर्यतीत उतारावर पुलावरून खाली पडून त्याचे स्वतःचे ओटीपोटाचे हाड मोडले होते. सप्टेंबर 2024 मध्ये झुरिच येथील जागतिक स्पर्धेत 18 वर्षांची म्युरिएल फुरर जंगलातल्या ओल्या उतारावर पडली. ती पडल्याचे कोणी पाहिले नाही, ती बराच वेळ सापडली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिचे निधन झाले. स्वार कुठे आहे हे सतत कळवणारा ट्रॅकर प्रत्येक सायकलवर हवा, ही मागणी त्यानंतर टळण्यासारखी राहिली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये रोमांदी येथील महिलांच्या शर्यतीत त्याची चाचणी ठरली तेव्हा ट्रॅकर लावण्यासाठी संघातली एक स्वार निवडायची कोणी, यावर वाद पेटला आणि पाच संघांना शर्यतीआधीच बाद करण्यात आले. पुढच्याच महिन्यात किगाली येथील जागतिक स्पर्धेत सर्व स्वारांच्या सायकलींवर ट्रॅकर होते.