कुळथाची गाठ आतून गुलाबी आहे का?

कडधान्य घेतलं की जमिनीत नत्र (म्हणजे नायट्रोजन) साठतो, हे वाक्य शेतकरी मेळाव्यांत, शाळेच्या पुस्तकांत आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत इतक्यांदा येतं की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटतच नाही. वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कोकणातल्या शेतकऱ्याच्या थेट कामाचं आहे. आपल्याकडे कुळीथ आणि कडवे वाल भातकापणीनंतर, खाचरात उरलेल्या ओलीवर घेतात. त्यांना वेगळं पाणी नसतं, खतही फारसं नसतं. पीक वाळलं की झाडं बहुतेक ठिकाणी मुळासकट उपटायची, खळ्यावर न्यायची आणि झोडायची. दाणे कणगीत गेले, काड गुरांपुढे गेलं. मग नत्र साठला तो कुठे?

हे समजायला झाडाच्या मुळावरच्या गाठीत शिरावं लागतं, आणि ती गाठ म्हणजे जीवशास्त्रातली मला सर्वांत आवडणारी जागा आहे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, हे आपण शाळेत शिकतो. एक चौरस मीटर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेत साडेसात टनांहून अधिक नायट्रोजन असतो. तरी भाताच्या रोपाला त्यातला कणही वापरता येत नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी धरून असतात आणि ती पकड सोडवणं फार कठीण. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात करताना ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दोनशेपट वगैरे दाब द्यावा लागतो. ही कृती शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबर यांना १९१८ सालचं नोबेल मिळालं, ती कारखान्यात उतरवणाऱ्या कार्ल बॉश यांना १९३१ सालचं. कुळथाच्या मुळावरची दोन-तीन मिलिमीटरची गाठ हेच काम डिसेंबरच्या थंड मातीत, साध्या दाबाखाली करते.

काम झाडाचं नव्हे, गाठीत राहणाऱ्या जिवाणूंचं आहे. कडधान्याला नत्र हवेतून मिळतो आणि त्यात मुळावरच्या गाठींचा हात असतो, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ साली मांडलं. दोनच वर्षांनी डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले. मूळ आणि जिवाणू यांची भेट होते ती अशी: नत्राची टंचाई असलेलं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. ती ओळखून जिवाणू आपलं एक रसायन उलट सोडतात. त्याने मुळाचा केसासारखा तंतू वाकतो, जिवाणूंना कवेत घेतो, आतल्या बाजूला एक बारीक नळी तयार होते आणि तिच्यातून जिवाणू मुळाच्या पेशींपर्यंत पोचतात. तोवर तिथल्या पेशी विभागू लागलेल्या असतात. झाली गाठ तयार. झाड जिवाणूंना साखरेपासून बनलेली आम्लं पुरवतं आणि मोबदल्यात अमोनिया घेतं.

आता खरी अडचण. नत्र फोडणारं जिवाणूंचं विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, एन्झाइम), नायट्रोजनेज, ऑक्सिजन लागला की कायमचं नासतं. आणि हेच काम ऊर्जेला एवढं भुकेलं आहे की ती ऊर्जा मिळवायला जिवाणूंना ऑक्सिजन घेऊन श्वसन करावंच लागतं. ऑक्सिजन दिला तर विकर मरतं, नाही दिला तर ऊर्जा संपते. झाडाने यावर जो तोडगा काढला आहे, तो मी कितीही वेळा वाचला तरी मला थक्क करतो. गाठीच्या पेशी लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन भरपूर प्रमाणात तयार करतात. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे सख्खं भावंड, लोह असलेलं आणि लाल. ते ऑक्सिजनला घट्ट पकडतं. खाडीच्या एका काठावरून माणसं भरून दुसऱ्या काठावर उतरवणाऱ्या तरीसारखं ते चालतं: ऑक्सिजनचे रेणू भराभर जिवाणूंपर्यंत पोचतात, पण पाण्यात सुटा असा जवळजवळ कुणीच सापडत नाही. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात जेवढा ऑक्सिजन विरघळतो, त्याच्या दहा हजारांश किंवा त्याहूनही कमी सुटा ऑक्सिजन गाठीच्या आत असतो. तरीही जिवाणूंचा श्वास अडत नाही.

विकराच्या आतही डोकावू या. नायट्रोजनेजच्या मध्यभागी सात लोह, नऊ गंधक आणि एक मॉलिब्डेनम अशा अणूंचा पुंजका आहे. त्याचा आकार १९९२ मध्ये उलगडला, पण त्याच्या पोटात बसलेला एकुलता अणू कार्बनचा आहे हे ठरायला २०११ साल उजाडलं. शेजारचं एक लोहयुक्त प्रथिन या पुंजक्याला एकेक इलेक्ट्रॉन आणून देतं, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, दोन रेणू खर्च होतात. नायट्रोजनच्या एका रेणूसाठी असे आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे सोळा एटीपी. आठांतले सहा इलेक्ट्रॉन अमोनियाच्या कामी येतात. उरलेले दोन हायड्रोजन वायू बनून निघून जातात, आणि ती गळती वाटत असली तरी टाळता येत नाही: पुंजक्यावर चार इलेक्ट्रॉन जमले की तिथे हायड्रोजन बसलेला असतो, तो उठून गेल्यावर त्या जागी नायट्रोजन बसतो. एका रेणूचं सगळं पार पडायला जवळपास सेकंद लागतो. विकरांच्या जगात ही गती फारच संथ, म्हणून गाठीला हे विकर ढीगभर साठवून ठेवावं लागतं.

शेतकऱ्याच्या उपयोगाची गोष्ट लेगहिमोग्लोबिनच्या रंगात आहे. फुलोऱ्याच्या सुमारास कुळथाचं झाड कुदळीने मातीच्या ढेकळासकट खणून काढा. उपटू नका, कारण उपटल्यावर गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीत मूळ हलकेच धुवा आणि चार-पाच गाठी नखाने कापा. आत गुलाबी किंवा लाल दिसलं तर कारखाना चालू आहे. पांढरी दिसली तर जिवाणू आत आहेत, खातायत, पण नत्र देत नाहीत. हिरवट-तपकिरी म्हणजे गाठ म्हातारी झाली. आणि एक सावधगिरी: सूत्रकृमींमुळेही (मातीतल्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींमुळे) मुळाला गाठी येतात. त्या मुळाचाच फुगलेला भाग असतात, बोटाने सुटत नाहीत. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि सहज निखळते.

आता हिशेब. कडधान्याच्या जमिनीवरच्या दर टन कोरड्या वाढीमागे साधारण २० किलो नत्र हवेतून येतो, असा जगभरच्या मोजण्यांतून निघालेला ढोबळ आडाखा आहे. एका हेक्टरात दीड टन वाढ झाली असं धरू, म्हणजे ३० किलो. त्यात ५ क्विंटल कुळीथ झाला. कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिन, आणि प्रथिनाच्या वजनात साधारण सोळा टक्के नत्र धरला, तर दाण्यांतून साडेसतरा किलो नत्र शेताबाहेर गेला. उरले साडेबारा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतो, तेव्हा ही शिल्लक अर्ध्या गोणीहून थोडी जास्त, पण काड आणि पाला शेतात परतला तरच. काड गोठ्यात गेलं आणि त्याचं शेण खाचरात आलं नाही, तर शिल्लक मुळांपुरती उरते. मुळंही उपटून नेली तर त्यातलीही बरीच जाते. म्हणून कुळीथ विळ्याने जमिनीलगत कापावा.

गाठी पांढऱ्या असतील तर चित्र आणखी वाईट. मग झाड दाण्यांसाठीचा नत्र मातीतूनच उपसतं आणि कडधान्य घेऊन जमीन आधीपेक्षा गरीब होते. 'कडधान्य म्हणजे सुपीकता' हा सरसकट नियम इथे मोडतो.

कोकणात गाठी पांढऱ्या किंवा मोजक्या राहण्याची कारणं आपल्या जांभ्या मातीत आहेत. दरसाल अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. माती आम्ल होते, लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात आणि ती स्फुरद (फॉस्फरस) पकडून ठेवतात. एटीपी स्फुरदाशिवाय बनत नाही. वरच्या पुंजक्यातलं मॉलिब्डेनमही आम्ल मातीत याच लाल ऑक्साइडांना चिकटून बसतं. माती तपासून, सांगितल्याप्रमाणे चुना घातला तर दोन्ही थोडी मोकळी होतात. पेरताना युरियाचा मारा केला तर झाड गाठी करण्याची तसदीच घेत नाही.

कुळीथ, वाल, चवळी, मूग यांना चालणारे जिवाणू एकाच गटातले, त्यामुळे संवर्धकाचं, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवाणूंचं, पाकीट घेताना चवळी गटाचं मागावं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं. पाकिटातले जिवाणू जिवंत असतात, म्हणून तारीख बघावी आणि ते उन्हात तापू देऊ नये. सगळ्या पिकांना हवेतून नत्र खेचून देणारं म्हणून विकलं जाणारं बाटलीबंद अमृत आणि शेतावर मंत्रांच्या लहरी सोडून उत्पन्न वाढवण्याचे दावे यांपासून मात्र लांब राहा. भाताच्या मुळावर अशा गाठी होत नाहीत, आणि तीन बंधांची पकड मंत्राने सुटत नाही.

हा नत्र शेवटी ताटात येतो. तांदळात शंभर ग्रॅममागे आठेक ग्रॅम प्रथिन, त्यातही लायसीन हे अमिनो आम्ल कमी. कुळीथ-वालात लायसीन भरपूर, मेथिओनीन कमी, आणि ते तांदळात पुरेसं असतं. कुळथाची पिठी आणि भात, किंवा डाळिंब्यांची उसळ आणि भात, हा जोड म्हणूनच पुरा पडतो. पिठीसाठी कुळीथ भाजतात, त्या उष्णतेने प्रथिनाचं पचन अडवणारे घटक निकामी होतात. वाल भिजवून मोड आणले की खनिजांना बांधून ठेवणारं फायटेट घटतं, त्यामुळे लोह आणि जस्त जास्त शोषलं जातं. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात पोपटी लावतात, तीही याच पिकाची. कुळथाच्या काढ्याने मुतखडा विरघळतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते काढ्याने विरघळत नाहीत. पाणी भरपूर पोटात गेल्याचा जो फायदा, तो साध्या पाण्यानेही होतो. कळ येत असेल तर डॉक्टरांकडे जावं.

एवढं असूनही थंडीत कितीतरी खाचरं पडीक दिसतात. भात कापून झालं की गुरं मोकळी सोडायची रीत आहे, आणि मग एकट्या घराने पेरलेला कुळीथ वाचत नाही. मुंबईला गेलेली माणसं, वानर आणि रानडुकरं ही कारणंही आहेतच. पण गुरांचा प्रश्न गावाने बसून सोडवता येण्याजोगा आहे: एका वाडीची सलग खाचरं मिळून एकाच आठवड्यात पेरायची आणि राखणीची पाळी लावायची.

त्या बैठकीत शाळेतल्या मुलांनी पुरावा मांडावा असं मला फार वाटतं. काम सोपं आहे. एकाच खाचरात दोन पट्टे आखायचे, एकात संवर्धक लावलेलं बी, दुसऱ्यात न लावलेलं. न लावलेलं बी आधी पेरायचं, म्हणजे हाताला लागलेले जिवाणू तिकडे जात नाहीत. फुलोऱ्याला प्रत्येक पट्ट्यातली दहा झाडं खणायची, गाठी मोजायच्या, कापून गुलाबी किती आणि पांढऱ्या किती ते वहीत लिहायचं. दोन्ही पट्टे एकाच दिवशी खणायचे, कारण शेंगा भरू लागल्या की चांगल्या गाठीही हिरवट पडू लागतात आणि मग तुलना करता येत नाही.