अमेरिकेतील औद्योगिकीकरण आणि कामगाराचा दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक अमेरिकन माणसे शेतीवर जगत होती. शतक संपताना तो देश जगातला सर्वांत मोठा कारखानदार झाला होता. या उलथापालथीत कामगाराच्या हातून सर्वांत आधी गेली ती त्याची वेळ. शेतकऱ्याचा किंवा चांभाराचा दिवस ऋतूप्रमाणे आणि हातातल्या कामाप्रमाणे कमी-जास्त होत असे. कारखान्यातला दिवस मालक ठरवू लागला. म्हणून अमेरिकन कामगारांचा इतिहास मजुरीइतकाच तासांच्या अंगाने वाचायला हवा.

औद्योगिकीकरणाची कारणे अनेक होती. न्यू इंग्लंडच्या (देशाच्या ईशान्य टोकाच्या राज्यांच्या) नद्यांना उतार होता, पेनसिल्व्हेनियात कोळसा होता. सॅम्युअल स्लेटर याने १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली; तिथले पहिले कामगार लहान मुले होती. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले आणि दक्षिणेत कापसाची लागवड पसरली. त्याबरोबर गुलामगिरीही पसरली. उत्तरेच्या गिरण्यांत कातला जाणारा कापूस गुलामांनी वेचलेला होता, हे विसरून या उद्योगाची भरभराट सांगता येत नाही. यादवी युद्धानंतर (१८६१–६५) रेल्वेने वेग दिला. १८६९ मध्ये युटा प्रदेशात पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. पश्चिमेकडून आलेला मार्ग मुख्यतः चिनी मजुरांनी डोंगर फोडून घातला होता. तेरा वर्षांनी, १८८२ मध्ये, कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घालण्यात आली, आणि गोऱ्या कामगारांच्या अनेक संघटनांनीच ती लावून धरली होती.

मॅसॅच्युसेट्समधील लोवेल हे या सगळ्याचे पहिले मोठे उदाहरण. १८२० च्या दशकात मेरिमॅक नदीकाठी उभ्या राहिलेल्या या गिरणी-शहरात आसपासच्या शेतकरी घरांतल्या अविवाहित मुली कामाला आल्या. त्या कंपनीच्या वसतिगृहात राहत, ठरलेल्या वेळी जेवत, रात्री ठरलेल्या वेळी दार बंद होई. गिरणगावाला भोंगा माहीत आहे. लोवेलमध्ये घंटा होती, आणि उठण्यापासून झोपण्यापर्यंत तीच दिवस हाकत असे. काम रोज बारा तासांच्या वर चाले. तरीही पहिल्यांदाच स्वतःची कमाई हातात पडत होती, आणि अनेकींना ती हवी होती. १८३४ मध्ये मजुरी कापली गेली, १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढला. दोन्ही वेळा मुली संपावर गेल्या. १८४५ मध्ये त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्ज केला. गिरणी कामगार सेरा बॅगली हिने विधिमंडळाच्या समितीसमोर साक्ष दिली. तास हा मालक आणि कामगार यांच्यातला प्रश्न आहे, असे सांगून समितीने हात वर केले. पुढे या मुलींची जागा हळूहळू आयरिश स्थलांतरितांनी घेतली.

कायदाही कामगाराच्या बाजूने नव्हता. रेल्वे अपघातात हात गमावलेल्या एका इंजिनचालकाला १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने भरपाई नाकारली. सहकाऱ्याच्या चुकीचा धोका त्याने पगाराबरोबरच पत्करला होता, असा तो निकाल. हेच तत्त्व पुढे कित्येक दशके खाणी-कारखान्यांतल्या जखमींच्या आड आले.

१ मे १८८६ रोजी आठ तासांच्या मागणीसाठी देशभर संप झाला. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात पोलिसांवर बाँब पडला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी चौघांना फाशी देण्यात आली. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याचे राज्यपाल ऑल्टगेल्ड यांनी तुरुंगातल्या उरलेल्या तिघांना माफी देताना खटलाच अन्यायाचा असल्याचे लेखी नोंदवले. महाराष्ट्र दिनाबरोबर आपण पाळतो तो कामगार दिन या घटनांतून आला. अमेरिकेत मात्र कामगारांची सरकारी सुटी सप्टेंबरमध्ये असते.

पोलाद कारखान्यांत स्थिती सर्वांत कठीण होती. बारा तासांची पाळी, आणि दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना सलग चोवीस तास भट्टीसमोर. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड येथे १८९२ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या कंपनीने टाळेबंदी केली आणि सुमारे ३०० खासगी सशस्त्र रक्षक नदीतून आणले. दोन्ही बाजूंची माणसे मेली, राज्याचे सैन्य आले, संघटना मोडली. पोलाद उद्योगात ती पुन्हा उभी राहायला सुमारे चार दशके लागली.

समाजाचे रूपही बदलले. १८५० मध्ये जेमतेम ३० हजार वस्तीचे शिकागो १९०० पर्यंत सुमारे १७ लाखांचे झाले. कापड, भांडी, अन्न स्वस्त झाले, सरासरी खरी मजुरीही वाढली. पण अपघात, मंदी आणि आजारपणाचा भार कामगाराच्या घरावरच राहिला. १८८३ मध्ये रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळ-विभाग पाडले, म्हणजे प्रत्येक विभागाला एकच घड्याळी वेळ ठरवली, आणि गावोगावची सूर्याप्रमाणे लावलेली घड्याळे मागे पडली.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या, आग आठव्या मजल्यावर आणि त्याच्या वर होती. १४६ जण गेले, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुणी. मालक निर्दोष सुटले. रस्त्यावरून हे पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. १९३३ मध्ये त्या देशाच्या कामगारमंत्री झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३८ मध्ये, किमान वेतन, आठवड्याच्या तासांची मर्यादा आणि बालमजुरीवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा झाला. शेतमजूर आणि बहुतेक घरकामगार त्यातून वगळले होते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कामगारांचा फार मोठा भाग याच दोन कामांत होता.