ऑनलाइन रिव्ह्यू आणि पेशातली अब्रू

डॉक्टर किंवा वकिलाबद्दल वाईट रिव्ह्यू लिहिला आणि दाव्याची नोटीस आली, हा इंटरनेटनंतरचाच प्रकार वाटतो. मुळं मात्र जुनी आहेत. इंग्लिश कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यात, तोंडी बदनामीचा दावा लावायचा तर प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागे. मोजक्या अपवादांतला एक पेशाचा होता. ‘हा वैद्य अडाणी आहे’ म्हटलं, की नुकसान गृहीतच धरलं जाई, कारण त्याची रोजीरोटी लोकांच्या विश्वासावर चालते. लेखी बदनामीत तर तो पुरावा मागतच नसत, आणि रिव्ह्यू सहसा लेखीच असतो.

खरं बोलणं हा बचाव सगळीकडे सारखा चाललेला नाही. १६०५ मध्ये लंडनच्या स्टार चेंबर या राजाच्या खास न्यायालयाने फौजदारी बदनामीत तो नाकारला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने खरेपणासोबत लोकहिताचीही अट घातली. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की पुरतं.

इंटरनेटने बदलला तो प्रतिवादी. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने ‘प्रॉडिजी’ या ऑनलाइन सेवेला वापरकर्त्याच्या मजकुरासाठी जबाबदार धरलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) ‘कलम २३०’ नावाने ओळखली जाणारी तरतूद आणून अशा सेवांना संरक्षण दिलं. तिथे तेव्हापासून दावा प्रामुख्याने लिहिणाऱ्यावरच येतो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो मिनेसोटाचा २०१३ चा निकाल. पक्षाघात झालेल्या वडिलांशी डॉक्टर कसे वागले, हे मुलाने ऑनलाइन लिहिलं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकेक वाक्य तपासलं. काही विधानं बव्हंशी खरी निघाली, काहींनी बदनामी होतच नव्हती, आणि डॉक्टरबद्दलचा उपरोधिक शब्द हे निव्वळ मत ठरलं. दावा टिकला नाही. खरं तर आजारी माणसाच्या घरच्यांना एवढं बोलता यायलाच हवं. २०२० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र एका वकिलाला ७,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मंजूर झाली. रिव्ह्यू लिहिणारी व्यक्ती त्याची अशील कधी नव्हतीच.

काही डॉक्टर तर उपचाराआधीच ‘रिव्ह्यू लिहिणार नाही’ अशा कागदावर रुग्णाची सही घेत. ग्राहकाचं तोंड बंद करणारी अशी छापील कलमं अमेरिकेने २०१६ च्या कायद्याने रद्दबातल ठरवली.