चर्चच्या नोंदवह्या आणि कुलशोध (पुणे)

बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या चर्चमधील नोंदींवरून घराण्याचा पूर्वेतिहास जुळवण्याची ही पद्धत आहे. कॅथलिक धर्मग्रामांत (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, पॅरिशमध्ये) बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये केला. कुलवृत्तान्तांची परंपरा असलेल्या पुण्यातही ख्रिस्ती घराण्यांसाठी, तसेच लष्करानिमित्त येथे राहून गेलेल्या युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी या वह्या हेच मुख्य साधन ठरते.

कोणती वही उघडायची हे पूर्वज कोणत्या पेठेत राहत होते यापेक्षा ते कोणत्या पंथाचे होते आणि कोणाच्या चाकरीत होते, यावर ठरते. पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅथलिक सैनिकांसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च उभे राहिले. कॅम्पातील सेंट मेरीज (१८२५) हे ब्रिटिश फौजेचे अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रोटेस्टंट पंथाचे) चर्च होते, तर गुरुवार पेठेतील पंचहौद चर्च (१८८५) मराठी अँग्लिकनांशी जोडलेले आहे. अँग्लिकन चर्चे १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रित चर्चमध्ये समाविष्ट झाल्याने जुन्या वहीची चौकशी आज त्या व्यवस्थेतच करावी लागते.

अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या एका ओळीत संस्काराची तारीख, पालकांनी सांगितलेली जन्मतारीख, बाळाचे व आईवडिलांचे नाव, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा हुद्दा किंवा धंदा आणि पाळकाची सही असते. वही संस्काराची आहे, जन्माची नव्हे. त्यामुळे दोन तारखांत कधी काही दिवसांचे, तर पलटणीच्या फिरतीमुळे कधी वर्षांचेही अंतर पडते. कॅथलिक नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असून पेद्रू तेथे ‘पेत्रुस’ होतो, म्हणून एकाच माणसाची दोन माणसे करून ठेवण्याचा घोटाळा नवख्यांकडून हमखास होतो. त्यांतील धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांची) नावे अनेक जण सोडून देतात, ते चुकीचे आहे, कारण हे लोक पुष्कळदा मामा, आत्या असे सख्खे नातलगच असतात. १९०८ नंतर कॅथलिक व्यक्तीच्या विवाहाची नोंद तिच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात करण्याचा नियम झाला. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचा माग, जो इतर कागदांत सहसा तुटतो, तो या चार शब्दांच्या टिपेवरून पुढे नेता येतो.

धर्मांतरित मराठी कुटुंबांच्या बाबतीत प्रौढपणी झालेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पूर्वीचे नाव, बापाचे नाव किंवा मूळ गाव दिलेले असल्यास त्याआधीच्या पिढ्यांचा शोध त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घेता येतो.

मूळ वही पाहण्यासाठी संबंधित फादर किंवा पाळक यांची परवानगी लागते. अंदाजे साल आणि आईवडिलांची नावे आधी लेखी कळवली, तर काम पुष्कळ सोपे होते. पान जीर्ण झाले असले, तरी मुंबई इलाख्यातील नोंदींच्या १७०९ ते १९४८ या काळात लंडनला पाठवलेल्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत भर मुख्यतः युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांवर असल्याने मराठी ख्रिस्ती घराण्यांना मात्र स्थानिक वहीवरच विसंबावे लागते.